कानबाईचा करारनामा

जगात असा एकही कागद नाही जो इंटरनेटवर सापडत नाही, असं भिकनदादा पाटील छातीठोकपणे सांगायचे. आणि हे सांगण्यासाठी स्वतः इंटरनेट पाहिलेलं असावं लागतं, असं त्यांना कधी वाटलं नाही!

भिकनदादा सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात मुकादम. दिवसभर साड्यांच्या घड्या घालून घ्यायच्या हे काम, पण डोकं कायम भलत्याच घडीत अडकलेलं. नवीन काही दिसलं की त्याला हात लावून, वास घेऊन, चार प्रश्न विचारून झाल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मिलमध्ये फॅक्सचं यंत्र आलं तेव्हा कागद आत जाऊन पुन्हा जसाच्या तसा बाहेर येतो, मग मुंबईला नेमकं गेलं काय, या प्रश्नानं त्यांनी मॅनेजरला आठवडाभर इतकं भंडावलं, की शेवटी त्या खोलीच्या दारावर ‘भिकनभाईंना प्रवेश नाही’ अशी पाटीच लागली. गुजरातीत आणि हिंदीतसुद्धा!

हे एकोणीसशे नव्याण्णव सालचं. त्या वर्षी मात्र त्यांचं कुतूहल नुसतं कुतूहल नव्हतं. घर फुटायची वेळ आली होती.

त्याचं असं झालं. भिकनदादा आणि त्यांचा धाकटा भाऊ निंबा यांची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. शिंदखेड्याकडून सुरतेला येताना भिकनदादांनी निंबाला हाताला धरून आणलं होतं. त्याला लूमवर चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं, समोरची खोलीही त्यालाच मिळवून दिली. खानदेशातून येताना भांडीकुंडी फारशी आली नाहीत, पण कानबाई आली. कानबाई म्हणजे घराण्याचा पिढीजात नारळ. वर्षभर तो लाल फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खाली काढायचा, त्याला डोळे-नाक-नथ लावून, दागिने घालून चौरंगावर बसवायचा. सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायचा, बुडवायचा आणि पुन्हा घरी आणायचा. आई होती तोवर कानबाई आईच्या खोलीत बसायची. आई गेल्यावर थोरलेपणानं ती भिकनदादांच्या घरात बसू लागली, आणि तिथंच माशी शिंकली.

“दादा, आवंदा कानबाई मना घर बसाले पायजे,” निंबा श्रावण लागताच येऊन म्हणाला.

“तुझ्या घरी कशी? मी थोरला.”

“मंग मी काय वाटवर सापडेल शे का? गयेसालले तू काय बोलना? पुढला सालले पाहू, असं बोलना का नई?”

“अरे, पाहू म्हणालो. देऊ कुठं म्हणालो?”

झालं! दोघांचाही आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दोघांच्याही बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी निंबानं जे बोलू नये ते बोलून टाकलं. “वारीपाळी लिखीसन दे. नई तं आम्हना रोट येगळा!”

आता रोट म्हणजे काय, हे सांगायला हवं. दोन्ही घरांतल्या पुरुषमाणसांच्या नावानं गहू मोजून घ्यायचे, एकत्र दळायचे, त्याच पिठाचं कानबाईला रांधायचं आणि भाऊबंदांनीच ते खायचं. बाहेरच्याला त्यातला घास मिळत नाही. सासरी गेलेल्या लेकीलाही नाही! भाऊ किती का भांडेनात, एका रोटाचे आहेत तोवर ते भाऊ. रोट वेगळा झाला की मग उरतात ते समोरासमोरचे शेजारी. त्या रात्री भिकनदादांना भाकरी गोड लागली नाही. वीस वर्षांपूर्वी रेल्वेत त्यांच्या मांडीवर झोपून आलेलं पोर आता रोट वेगळा करायला निघालं होतं, याचं त्यांना खरंच रडू आलं.

पण रडण्यात त्यांचा वेळ फार जात नसे. सकाळी उठेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं की सगळा घोळ तोंडी बोलण्याचा आहे. पक्का कागद हवा. कलमं घातलेला, शिक्का मारलेला.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, भाडेकराराचा नमुना आहे, भागीदारीचा आहे, म्हैस विकल्याचाही आहे. देवी वाटून घ्यायचा नाही.

“मग तो इंटरनेटवर असणार!” भिकनदादा बायकोला, सरलाबाईंना म्हणाले.

“आठे भाऊभाऊनं पटी नई ऱ्हायनं, आनि तुम्ही कोठे निंघनात?” सरलाबाईंनी विचारलं. त्या भोपळा चिरत होत्या.

“अमेरिकेला,” असं म्हणून भिकनदादांनी चपला घातल्या.

ही अमेरिका उधन्याच्या रस्त्यावर होती. धनसुखभाईंचं मूळ एसटीडी बूथ. त्याच्या मागच्या भागात पडदा लावून त्यांनी दोन कॉम्प्युटर मांडले होते आणि बाहेर ‘सायबर कॅफे’ असा बोर्ड रंगवला होता. तिथं चहा मिळतो या समजुतीनं बरीच माणसं आत येत. धनसुखभाई त्यांना चहा पाजून परत पाठवत, कारण स्वभावानं ते फार भिडस्त होते.

धनसुखभाईंनी बटण दाबलं. आतून कुईं... खर्रर्र... टींग टींग... असा आवाज सुरू झाला.

“अरे, अंदर कोई फँस गया है!” भिकनदादा उभेच राहिले.

“बेसो ने, भिकनभाई. लाइन लग रही है.”

लाइन लागली. धनसुखभाईंनी एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधत, ‘नमुना करार, वाटून घेणे’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत टाइप केलं. मग पडद्यावर वरून खाली, पडदा उतरावा तसं एकेक पान उतरू लागलं, आणि भिकनदादांचं भान हरपलं! काय एकेक कागद! चार जणांनी मिळून एक घोडा घ्यायचा करार होता. दोन शेजाऱ्यांनी एक विहीर वापरायचा होता. वाढदिवसाला विदूषक आणायचा होता. त्यात विदूषकाला पाहून पोर घाबरलं तर जबाबदार कोण, याचंसुद्धा कलम होतं!

“एक मिनिट, धनसुखभाई. वो घोडेवाला फिरसे लाव. चार मालक, घोडा एक. तो शेण किसका?”

धनसुखभाईंनी शोधलं. शेणाचंही कलम निघालं. भिकनदादांनी कपाळाला हात लावला. “ह्याला म्हणतात सुधारणा! आपल्याकडे बैलाच्या शेणावरून दोन घरं अजून बोलत नाहीत.”

असे दोन तास गेले. बूथमध्ये फोन करायला आलेली माणसं लाइन अडकलेली पाहून परत गेली. शेवटी एक लांबलचक कागद उतरू लागला आणि धनसुखभाईंनी मान हलवली.

“आ नहीं चालेगा. ये तो छूटाछेडा का कागळ है. धणी-बायडी अलग हो गये, तो अब बच्चा किसके घर रहेगा, उसका है.”

“क्या लिखा है?”

“एक साल की दिवाळी... मतलब उनकी दिवाळी... बाप के घर. दूसरे साल मा के घर.”

भिकनदादा खुर्चीतून पुढं सरकले. “आगे?”

“जिसके घर नहीं है, उसको भी मिलने का हक. बच्चे के सामने कोई एक-दूसरे को गाली नहीं देगा. राज्य के बाहर ले जाना हो तो दूसरे की लिखित परवानगी.”

“हेच!” भिकनदादा इतक्या जोरात ओरडले की बाहेर लाइन सुटायची वाट बघत बसलेली बाई दचकून उठून चालती झाली. “हाच! निंबा तिला गावाला घेऊन जाईल याचीच मला धास्ती! सुरत गुजरातेत, गाव महाराष्ट्रात. राज्याच्या बाहेर म्हणजे हेच!”

“पण भिकनभाई, आ तो छोकरानुं छे.”

“छोकरा काय आणि देवी काय! ज्याच्यावर दोघांचा जीव आहे ते कुणाच्या घरी राहणार, एवढाच सवाल आहे ना?”

धनसुखभाईंनी विचार केला. त्यांना हे पटलं. एवढंच नाही, तर त्यांच्या अंगात उत्साह संचारला, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये एक जादू होती आणि ती वापरायची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. एक शब्द सांगायचा, त्याच्या जागी कोणता घालायचा ते सांगायचं, बटण दाबायचं. अख्ख्या कागदात तो शब्द बदलतो!

“बच्चा की जगह?”

“कानबाई!”

टक्! बच्चा जिथं जिथं होता तिथं तिथं कानबाई आली.

“बाप की जगह?”

“भिकन. मी थोरला.”

टक्!

“और मा की जगह?”

भिकनदादा क्षणभर घुटमळले. पण उरलं होतं एकच नाव.

“निंबा,” ते म्हणाले. टक्!

छापायचं यंत्र करकरत बसलं आणि लांबच लांब जोडकागद बाहेर पडला. त्यातलं इंग्रजी धनसुखभाईंना अर्धं समजलं होतं, भिकनदादांना पाव. पण कागद जाड होता. जाड कागदाचा वेगळाच रुबाब असतो.

संध्याकाळी तो रुबाब निंबाच्या ओट्यावर उलगडला. निंबानं दोन्ही हातांनी कागद तोलून पाहिला.

“हाऊ कागद कोठून आना?”

“अमेरिकेतून. तिथं भाऊभाऊ भांडतात की नाही ठाऊक नाही, पण कागद एक नंबर करतात. ऐक. एकी सालाला माझ्याकडे, बेकी सालाला तुझ्याकडे. यंदा नव्याण्णव, म्हणजे माझ्याकडे. पुढचं दोन हजार तुझं.”

“दोन हजार मनं?” निंबाचा चेहरा खुलला. दोन हजार साल म्हणजे त्या वेळी सगळ्यांनाच मोठं अप्रूप होतं. आपण धाकटे असून अख्खं दोन हजार आपल्याला मिळतंय म्हटल्यावर तो बराच मऊ झाला.

“आणि कानबाईसमोर एकमेकांना वेडंवाकडं बोलायचं नाही.”

गेल्या वर्षी ऐन आरतीत दोघांनी एकमेकांचं काय काय काढलं होतं ते दोघांनाही आठवलं असावं.

“पण शिक्का पायजे,” निंबा म्हणाला. “शिक्का मारीसन आन. कानबाई बसाना पहिले शिक्का लागना तं रोट एक. नई तं मना गहू मना घर.”

दारामागं त्याची बायको मालतीबाई उभी होती. ती काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, पण निंबानं हात वर केला. “बायासनं काम नई हाई. कायद्यानं शे.” ती तोंड मिटून आत गेली.

दुसऱ्या दिवशी भिकनदादा अर्धी रजा टाकून कोर्टाशेजारी ॲडव्होकेट इंदुमतीबेन यांच्या ऑफिसात पोचले. शिक्का मारणाऱ्या वकिलांत ही बाई कडक, पण तिच्या शिक्क्याला कोणी हात लावत नाही, असं त्यांना टायपिस्टनं सांगितलं होतं. बायकामुलींच्या केसेस ती फुकट लढते, हे सांगायचं तो विसरला.

इंदुमतीबेननी चष्मा लावला, कागद वाचू लागल्या. पहिल्या पानावर त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या पानावर त्यांनी भिकनदादांकडे चष्म्यावरून पाहिलं.

“ये कानबाई... आपकी है?”

“हमारी दोनों भाइयों की है, बेन.”

“दोनों भाइयों की?”

“हां. पहले मा संभालती थी. मा गयी, तबसे झगडा.”

इंदुमतीबेननी पेन खाली ठेवलं. “उमर नहीं लिखी.”

“उमर किसको मालूम! कोणी लिहून ठेवली नाही.”

“जन्म का दाखला?”

“उसका कैसा दाखला, बेन!” भिकनदादांना या बाईच्या चौकसपणाचं कौतुक वाटलं. त्यांच्यासारखंच प्रश्न विचारणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं.

“अभी कहां है?”

“घर पे. ऊपर. माळे पे.”

“माळिया पे?”

“हां. कपडे में बांधके रखी है. पांडेसरा में मिल की काजळी कितनी उडती है, आपको तो मालूम.”

इंदुमतीबेनच्या शेजारी बसलेली टायपिस्ट मुलगी टाइप करायची थांबली.

“नीचे कब उतारते हो?” इंदुमतीबेनचा आवाज अगदी हळू झाला होता.

“साल में एक बार. श्रावण में. ये रविवार को उतारेंगे. नहलाएंगे, नये कपडे, नथ, दागिना सब. खाना भी उसी दिन.”

“और बाकी साल?”

“बाकी साल उसका कुछ मांगना नहीं, बेन. फार सोशिक आहे.”

“और रविवार के बाद?”

“सोमवार को तापी में डुबाते हैं,” भिकनदादा प्रसन्नपणे म्हणाले. “पूरी गल्ली आती है. बाजा, फुगडी...”

टायपिस्ट मुलीच्या हातातून स्टेपलर खाली पडला. त्या आवाजात ‘और फिर घर वापस लाते हैं’ हे भिकनदादांचं पुढचं वाक्य कोणी ऐकलंच नाही.

इंदुमतीबेन उठून उभ्या राहिल्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण बाई हुशार. समोरच्या माणसाला संशय येऊ द्यायचा नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

“कागळ मेरे पास रहने दो,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “पता इसमें लिखा है ना?”

“पूरा लिखा है!”

“बस. आप सोमवार को आओ... नहीं, सोमवार नहीं!” त्या दचकून म्हणाल्या. “आप आओ ही मत. मैं खुद आऊंगी.”

शिक्का मारायला वकीलबाई स्वतः घरी येणार! भिकनदादा परतताना हवेत चालत होते. “किती आस्थेवाईक बाई आहे,” त्यांनी सरलाबाईंना सांगितलं. “कानबाईची इतकी विचारपूस आपल्या भाऊबंदांनी कधी केली नाही.”

पण शनिवार मावळला तरी शिक्का आला नाही. निंबा ओट्यावर बसून गल्लीच्या टोकाकडं बघत होता. भिकनदादा त्यांच्या ओट्यावरून तिकडंच बघत होते. एकमेकांकडं मात्र दोघंही बघत नव्हते. निंबाचे गहू त्याच्याच घरात वेगळे बांधलेले असणार, या विचारानं भिकनदादांना आपल्याच स्वयंपाकघरात डोकावायची हिंमत होईना. दळण आलं असेल तर ते अर्धंच असेल, आणि अर्ध्या घराचं पीठ त्यांना बघवलं नसतं.

रविवार उजाडला. कानबाई माळ्यावरून उतरली. सरलाबाईंनी आणि मालतीबाईंनी मिळून तिला नटवलं. इतकं सुंदर नटवलं की भिकनदादांनाही रोटाचा विसर पडला. या घराण्याची रीत अशी, की कानबाई बसली की पहिल्यांदा तिचं कन्हेरदेवाशी लग्न लागतं. शेजारच्या पाटावर नवरदेवाचा नारळ, त्यावर कन्हेरीची फुलं, मध्ये आंतरपाट, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. मंगलाष्टकं म्हणायला गल्लीतले हिलालबाबा. त्यांचा आवाज असा, की मिलचा भोंगा बिघडला तर त्यांना उभं केलं असतं तरी पाळी चुकली नसती.

हिलालबाबांनी शेवटचं मंगलाष्टक ताणलं. ‘शुभमंगल’ झालं. ‘सावधान’ म्हणायला त्यांनी छाती भरून घेतली...

“बंद करो ये शादी!”

दारात इंदुमतीबेन! मागं एक हवालदार, त्याच्या मागं अख्खी गल्ली.

हिलालबाबांनी भरून घेतलेली हवा तशीच आत राहिली. त्यांचे डोळे मोठे झाले.

“शरम नहीं आती?” इंदुमतीबेन कडाडल्या. “पहले माळिया पे बांधके रखना, फिर जबरदस्ती ब्याह, और कल नदी में डुबाना! छोकरी कहां है? छोकरी को मेरे सामने लाओ!”

मग भिकनदादांनी घाबरतच आंतरपाटाचं एक टोक खाली केलं.

चौरंगावर कानबाई बसली होती. नथ झळकत होती, डोळे टपोरे, कपाळावर मोठं कुंकू. ती इंदुमतीबेनकडं बघत होती आणि इंदुमतीबेन तिच्याकडं.

हवालदारानं पहिल्यांदा टोपी काढली. मग चपला. मग हात जोडले आणि हळूच म्हणाला, “बेन, आ तो माताजी छे.”

इंदुमतीबेन मटकन खाली बसल्या. आणि नेमक्या त्याच वेळी हिलालबाबांना ती हवा आवरेनाशी झाली. “साऽऽवधान!” ते ओरडले, आणि सवयीनं सगळ्यांनी मुठीतल्या अक्षता टाकल्या. अर्ध्या कानबाईवर पडल्या, अर्ध्या वकीलबाईंच्या डोक्यावर.

पुढं बराच वेळ कोण काय बोलत होतं ते कोणालाच कळत नव्हतं. भिकनदादांनी घोड्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. इंदुमतीबेन आधी ओठ चावत होत्या, मग पदर तोंडाला लावला, आणि शेवटी इतक्या हसल्या की सरलाबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

“पण शिक्का?” निंबा मागून म्हणाला. त्याचा जीव अजून तिथंच होता. “बेन, शिक्का मारा. नई तं रोट...”

“मारती हूं. लेकिन पहले सबको समझना चाहिए आपने क्या लिखा है.” त्यांनी पर्समधून जाडजूड कागद काढला आणि हिंदीत अर्थ सांगत वाचू लागल्या. “कलम चार. कानबाई की स्कूल की फी दोनों आधी-आधी देंगे.”

“चालेल,” भिकनदादा पडेल आवाजात म्हणाले.

“कलम सात. कानबाई के दांत डॉक्टर को साल में दो बार दिखाने.”

हवालदार तोंड फिरवून भिंतीकडं बघू लागला.

“कलम नौ. निंबा का पीहर का नाम...” त्या थांबल्या. “माहेरचं नाव. जगह खाली है.”

गल्लीत हास्याचा स्फोट झाला. निंबा लाल झाला. “दादा! माले माय करं तुनी?”

“अरे, जागा एकच उरली होती...”

“कलम ग्यारह,” इंदुमतीबेननी पुढं वाचलं. “निंबा ने दूसरी शादी की, तो...”

“काय?” हा आवाज मालतीबाईचा होता. तिच्या हातात आरतीचं ताट होतं, ते तिनं खाली ठेवलं. “दुसरं लगीन? म्हनीसन ‘बायासनं काम नई’ व्हय! कोनासंगे करी ऱ्हायनात? नाव सांगा!”

“आवं, मी नई! अमेरिकावाला करी ऱ्हायना!”

“मंग तुमनी सही कसाले पायजे?”

निंबा हवालदाराच्या मागं जाऊन उभा राहिला. इंदुमतीबेननी घाईघाईनं शेवटचं पान उलटलं, आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“ओ भिकनभाई. आखरी कलम. ‘जिस दिन कानबाई का विवाह होगा, उस दिन ये करार आपोआप समाप्त.’” त्यांनी चौरंगाकडं पाहिलं, मग स्वतःच्या केसांतली एक अक्षत काढून हातावर घेतली. “ब्याह तो हो गया. मेरे सामने हुआ. अब मैं शिक्का किस पे मारूं?”

भिकनदादांचा चेहरा उतरला. इतकं फिरून, इतकं शोधून आणलेला कागद! सही व्हायच्या आतच संपला. त्यांनी निंबाकडं पाहिलं. निंबा खाली बघत होता. आता तो ‘मना गहू मना घर’ म्हणणार आणि आपण ते ऐकणार, म्हणून भिकनदादांनी डोळेच मिटून घेतले. दोन थेंब गालावर आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

“एक पूछूं?” इंदुमतीबेन उठता उठता म्हणाल्या. “वो आपकी ब्याही हुई बेटी है ना? साल में एक बार मायके आती है. हमारे यहां मैं मायके जाती हूं, तो दो भाई हैं. एक के घर खाती हूं, दूसरे के घर से बिदा होती हूं. उसका कभी कागळ नहीं किया किसीने.”

“तेच तं!” सरलाबाई आणि मालतीबाई एकदम म्हणाल्या.

दोन्ही भाऊ वळले.

“आम्हनं कव्हाच ठरेल शे,” सरलाबाई शांतपणे म्हणाल्या. “ऐतवारले आठे बसाडानी, सोमवारले मालतीना घरथून वाजतगाजत काढानी. पुढला सालले उलटं.”

“आणि रोट?” भिकनदादांनी कसंबसं विचारलं.

“रोट?” सरलाबाईंनी स्वयंपाकघराचा पडदा बाजूला केला. आत एकच मोठी परात होती आणि तिच्यात दोन्ही घरांचं मिळून एकच पीठ, शिगोशीग. “बुधवारलेच दळी लिधा. दोन चक्कीवर कोन जाई? इतला टाइम कोनले शे?”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही अमेरिकाले जायेल व्हतात ना!”

निंबा पुढं आला. काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं वाकून भिकनदादांच्या पायांना हात लावला. भिकनदादांनी त्याच्या पाठीत एक जोरदार धपका घातला, आणि मग तो हात तिथंच ठेवला. हवालदारानं नाक शिंकरलं. इंदुमतीबेनना रोटातला घास देता येत नव्हता, तेवढी एकच गोष्ट सरलाबाईंना लागून राहिली; त्यांनी बाईंना शेजारून आणून शिरा खायला घातला. सोमवारी कानबाई निंबाच्या दारातून निघाली तेव्हा पुढच्या रांगेत फुगडी घालायला वकीलबाई हजर होत्या!

तो कागद भिकनदादांनी टाकला नाही. लाल फडक्याखाली, कानबाईच्या बुडाशी घडी करून ठेवला. बाकी सगळी कलमं रद्द झाली असली तरी एक कलम दोघा भावांनी आपणहून चालू ठेवलंय: कानबाई ज्या घराच्या माळ्यावर असेल, त्या घरात एकमेकांना वेडंवाकडं बोलायचं नाही. आजतागायत ते मोडलेलं नाही. भांडण आलं की दोघं एकमेकांना खूण करतात, गुपचूप उठतात, चपला घालतात आणि बाहेर गल्लीत येऊन भांडतात. मोकळ्या हवेत आवाजही चांगला लागतो.

परवा मात्र हिलालबाबांनी गल्लीच्या वतीनं भिकनदादांना गाठलं आणि हात जोडून विचारलं, की भाऊ, गल्लीत राहणाऱ्या गरिबांच्या कानांसाठी तुमच्या त्या इंटरनेटवर एखादा नमुना मिळतो का?

भिकनदादांचे डोळे चमकले. “न मिळायला काय झालं!” म्हणत ते चपला शोधू लागले.